गोळ्या-औषधं : नाही

आमच्या फॉर्ममध्ये एक रकाना असतो : पेशंट आणखी कोणती औषधं घेतो? त्या मावशींच्या फॉर्मवर मी तिथं 'नाही' लिहिलं, सही केली, तारीख टाकली. दोन मिनिटांचं काम. महिना होत आला, तो रकाना डोक्यातून जात नाही.

मी सोलापुरात क्लिनिकल ट्रायलची कोऑर्डिनेटर आहे. नातेवाइकांना वाटतं मी माणसांवर प्रयोग करते. खरं तर माझा दिवस कागद, कुरिअर आणि ड्राय आइस यांत जातो. ड्राय आइस पुण्याहून येतो. एप्रिलमध्ये टेंभुर्णी ओलांडेपर्यंत निम्मा हवेत गेलेला असतो. उरलेल्या निम्म्यात रक्ताच्या नळ्या नीट दाबून चारच्या कुरिअरच्या हवाली करणं ही कला आहे, आणि ती मला येते.

सध्याची ट्रायल एमडीएसची, म्हणजे मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोमची. या आजारात हाडातला मगज रक्त बनवतो, पण सदोष. पेशी रक्तात उतरायच्या आधीच मरतात. हा रक्ताच्या कॅन्सरमध्येच मोडतो, आणि काहींचा पुढे ॲक्यूट ल्युकेमिया होतो. बाकीच्यांतले बरेच रक्ताच्या पिशव्यांवर जगतात. म्हणून अशा ट्रायलमध्ये यश मोजतात ते रक्त न चढवता किती आठवडे निघाले यावर. २०२० साली लस्पाटरसेप्ट या एमडीएसवरच्या औषधाच्या चाचणीचे आकडे छापून आले : आठ आठवडे किंवा जास्त रक्ताविना राहिले औषध घेणाऱ्यांपैकी ३८ टक्के, प्लासिबो, म्हणजे औषधासारखं दिसणारं पण औषध नसलेलं, घेणाऱ्यांपैकी १३ टक्के. आमचं औषध वेगळं, मोजपट्टी तीच.

मावशी विडी घरकुलातल्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.) पद्मशाली, वय पन्नाशीच्या आत, विड्या वळणाऱ्या. दोन महिन्यांत पाच पिशव्या रक्त चढलेलं. दुसऱ्या एका दवाखान्यात बोनमॅरो (मगजाची तपासणी) झालेलं, मावशींच्या भाषेत 'कमरेतलं पाणी काढलं'. रिपोर्टवर एमडीएसची शक्यता. सोबत भाचा. कुणीतरी त्याला 'ब्लड कॅन्सर' हे दोन शब्द सांगून मोकळं झालं होतं.

संमतीपत्र तेलुगूत होतं. ते हैदराबादहून भाषांतर होऊन येतं, सव्वीस पानं, आणि इतकं पुस्तकी की आमच्या पूर्व भागातल्या तेलुगूला त्याचा पत्ता लागत नाही. इथल्या तेलुगूत निम्मी मराठी मिसळलेली. हे मी तीनदा लिहून कळवलंय. उत्तर येतं, 'प्रमाणित भाषांतर आहे.' असो. मावशींना वाचता येत नाही, म्हणून नियमाप्रमाणे त्रयस्थ साक्षीदार आणि समोर कॅमेरा. २०१९च्या नियमांतही हे पक्कं आहे, आणि बरंच आहे. प्लासिबो समजावताना आमची तेलुगू बोलणारी सिस्टर 'उत्त नीळ्ळु' म्हणाली, म्हणजे नुसतं पाणी. मावशी हसल्या. सव्वीस पानांत समजलेली तेवढी एकच गोष्ट असावी. पुढं सिस्टरनं विचारलं, 'गोळीलु, मंदुलु?' मावशी म्हणाल्या, 'लेवु.' मी लिहिलं, 'नाही.'

त्या दिवशी त्या बरंच काही बोलल्या होत्या. वर्षभर शेंगाचटणी तोंडात घालवत नाही, जीभ सोलल्यासारखी होते. सोलापुरात शेंगाचटणी सुटणं म्हणजे माणूस खरंच आजारी. बोटांना दोरा कळत नाही, गाठ सैल पडते, छाट, म्हणजे नापास विड्या, वाढलीय, कारखानदार बोलतो. पूर्वी दिवसाला हजार विड्या व्हायच्या, आता चारशे. माळ घातल्यापासून चौदा वर्षं मटण-अंडं बंद, दूध फक्त चहापुरतं. हे सगळं मी ऐकलं. 'हातापायाला मुंग्या : होय' एवढं उतरवलं. शेंगाचटणीला फॉर्ममध्ये रकाना नव्हता.

तपासण्या आल्या. हिमोग्लोबिन ५.६, प्लेटलेट ४८ हजार. बी-१२ दोन हजारांच्या वर, मशीन मोजू शकतं त्याच्या पलीकडे. प्रोटोकॉलची अट एवढीच की बी-१२ कमी नसावं. कमी नव्हतंच. रक्ताच्या काही कॅन्सरमध्ये ते वाढतंही, त्यामुळे कुणाच्या भुवया उंचावल्या नाहीत. चार पेशंटचं टार्गेट, घेतलेला एक. त्यात ट्रायलवर देखरेख करणाऱ्या मॉनिटरचा दर सोमवारी फोन. सरांनी, म्हणजे ट्रायलच्या डॉक्टरांनी, टिक केलं.

आठव्या दिवशी मावशी औषध सुरू करायला आल्या. सकाळचं रक्त खाली लॅबमध्ये गेलं. मी कॉम्प्युटरवर गट पाडायचं पान उघडून बसले. एक बटण दाबलं की औषध की प्लासिबो ते ठरतं, आणि मागं फिरता येत नाही. तेवढ्यात लॅबच्या मॅडमचा फोन.

"अगं, ह्या बाईला कुणी काय दिलंय?"

हिमोग्लोबिन ६.९. प्लेटलेट एक लाख चाळीस हजार. रेटिक, म्हणजे नुकत्याच जन्मलेल्या तांबड्या पेशी, १६ टक्के. मधे एकही पिशवी चढलेली नाही. आठ दिवसांपूर्वी बंद पडलेला मगज आता तिन्ही पाळ्यांत चालत होता. मॅडमनी पहिल्या दिवशीची स्लाइड कपाटातून काढली आणि मला खाली बोलावलं. न्यूट्रोफिलच्या केंद्रकाला साधारण तीन-चार पाकळ्या असतात. इथं पाच होत्या, काहींत सहा. सहा पाकळ्यांची एक जरी दिसली तरी आधी बी-१२ आणि फोलेट आठवायचं, हे लॅबच्या पहिल्या वर्षात शिकवतात. पण मोजणी मशीन करतं. पाकळ्या मोजायला डोळा लागतो, आणि त्या डोळ्याला आमच्या दवाखान्यात पगार सगळ्यात कमी.

मी वर आले. मावशींच्या शेजारी बसले आणि तेलुगूत मला येणारा एकच उपयोगी शब्द उच्चारला. "सूदि?"

"सूदि एस्तडु कदा," मावशी म्हणाल्या. सुई टोचतो की! घरकुलातले डॉक्टर. मोठ्या दवाखान्यात जायचं तर अंगात ताकद हवी, म्हणून आदल्या संध्याकाळी सलाईन आणि सुई. मग एक दिवसाआड आणखी तीन. सुईचा रंग? एर्र. लाल.

ती लाल सुई बी-१२ची, मटण-अंडी-दुधातून मिळणाऱ्या जीवनसत्त्वाची. सलाईन-सुई त्यांच्या लेखी औषध नव्हतीच, ताकद होती. रक्तातला आकडा एका रात्रीत आभाळाला भिडला, पण पाकळ्यांना उतरायला दोनेक आठवडे लागतात. सरांनी मावशींच्या बोटांची पेरं उजेडात धरली. काळी पडलेली. घोट्यावर ट्यूनिंग फोर्क ठेवला. मावशी म्हणाल्या, गार लागतंय. थरथर त्यांना कळत नव्हती. सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मी पान बंद केलं.

बी-१२च्या कमतरतेचा मगज सूक्ष्मदर्शकाखाली एमडीएससारखा दिसू शकतो, हे पुस्तकात आहे, आणि पाच पिशव्या चढवण्याआधी एकदा ते तपासलं असतं तर आमच्यापर्यंत प्रकरण आलंच नसतं. घरकुलातल्या डॉक्टरांवर मला रागवता येत नाही. न तपासता टोचलं खरं, पण बरोबर औषध त्यांनीच टोचलं.

मला झोपू देत नाही ते वेगळंच. मी बटण दाबलं असतं, तर मावशी आठ आठवडे रक्ताविना सहज राहिल्या असत्या. घरकुलात लाल सुई चालूच राहिली असती. औषधाच्या गटात पडल्या असत्या तर यश औषधाच्या नावावर. प्लासिबोत पडल्या असत्या तर उत्त नीळ्ळु जिंकलं असतं. दोन्हीकडे आकडा खोटा, आणि कागद मात्र नखशिखांत बरोबर.

ल्युसी विल्स या ब्रिटिश डॉक्टर १९२८ साली मुंबईत आल्या, गिरणीतल्या गरोदर बायकांचा ॲनिमिया शोधायला. त्यांनी या बायकांच्या आहारातच कारण शोधलं, आणि यीस्टच्या अर्कानं, मार्माइटनं, त्या बऱ्या होतात हे दाखवलं. त्या धाग्यावरून पुढं फॉलिक ॲसिड हाती लागलं. ट्रेनिंगच्या स्लाइडमध्ये विल्सबाई असतात. आमच्या फॉर्ममध्ये आहार नाही.

भाच्याला सांगितलं तर तो आधी रडला आणि मग भडकला. एवढी फिराफिर, आणि शेवटी ही सुई? मावशींनी विचारलं, रिक्षाचे पैसे आता मिळणार नाहीत का? आजचे मिळतील, म्हटलं. सहा आठवड्यांनी त्या येतील, पायाच्या मुंग्या किती उरतात ते तेव्हा कळेल. नसा उशिरा सुधारतात, सगळ्या सुधारतीलच असं नाही.

फॉर्ममधली चूक खोडायची नसते. एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही-तारीख. मी 'नाही'वर रेघ मारली. मग आमच्या त्या एकुलत्या घेतलेल्या पेशंटची फाइल काढली. बार्शीचे आजोबा, निदान पक्कं, असं सगळे म्हणतात. त्याच रकान्यात, माझ्याच अक्षरात : 'नाही.' गेल्या पाच आठवड्यांत त्यांना रक्त लागलेलं नाही. गुरुवारी येताहेत.