हिरड्यांतलं रक्त आणि तीन महिन्यांची शुगर

ब्रश करताना फेस गुलाबी दिसला की बहुतेक जण त्या जागी ब्रश लावणंच सोडून देतात. "रक्त येते जी तिथून, म्हणून घासत नाही," हे वाक्य नागपुरातल्या कुठल्याही दातांच्या दवाखान्यात ऐकू येईल. खरं तर नेमकं तिथंच घासायला हवं असतं. बहुतेक वेळा ब्रश टोचला म्हणून रक्त येत नाही. हिरडी आधीच सुजलेली असते, ब्रश फक्त ते उघड करतो. दात आणि हिरडी जिथं भेटतात त्या काठावर जंतूंचा चिकट थर साचतो, त्याला प्लाक म्हणतात, आणि सूज त्याच्यामुळे येते.

1965 साली डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रयोगानं दाखवलं. निरोगी हिरड्यांच्या 12 जणांनी दात घासणं पूर्ण थांबवलं. 10 ते 21 दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवडाभरात सूज उतरली. या पायरीपर्यंत सगळं भरून येतं, मागे काही उरत नाही. म्हणूनच गुलाबी फेस ही घाबरायची नाही, पण लगेच कामाला लागायची वेळ आहे.

पुढची पायरी वेगळी. सूज आत खोलवर पसरते, हिरडीची दाताला असलेली पकड सुटते आणि दाताभोवतीचं हाड झिजायला लागतं. यालाच लोक पायरिया म्हणतात. एकदा गेलेलं हाड आपोआप परत येत नाही. दुखत तर जवळजवळ नाहीच, त्यामुळे माणूस डॉक्टरकडे येतो तो दात हलायला लागल्यावर किंवा पुढच्या दातांत नवी फट दिसल्यावर.

हे हाड गेलंय की नाही, ते आरशात कळत नाही. त्यासाठी प्रोब लागतो: मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक, बोथट टोकाची सळई. ती हिरडी आणि दात यांच्या मधल्या खाचेत हलकेच सरकवतात. दाब किती, तर तेच टोक अंगठ्याच्या नखाखाली दाबलं तर दुखू नये इतका, सुमारे 25 ग्रॅम. प्रत्येक दाताच्या सहा जागा मोजायच्या, तीन गालाकडून आणि तीन जिभेकडून. 28 दात असतील तर 168 आकडे. 1 ते 3 मिलिमीटर म्हणजे ठीक. 4 आला आणि रक्तही आलं तर लक्ष द्यायला हवं. 6 किंवा त्याहून जास्त म्हणजे अशी खोल फट, जिथं घरचा कुठलाही ब्रश पोचत नाही. तुमच्या डॉक्टरांनी दात साफ करायला घेतले पण एकदाही असे आकडे मोजले नाहीत, तर "हिरड्यांची खोली मोजाल का?" असं बिनदिक्कत विचारा. आजाराची पायरी या आकड्यांवर आणि एक्स-रेवर ठरते, नुसतं बघून नाही.

सगळ्यांचं हाड सारख्या वेगानं जात नाही. लो यांच्याच गटानं श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांवरच्या 480 कामगारांकडे 1970 ते 1985 असं लक्ष ठेवलं. हे लोक दात घासत नव्हते, दातांचा उपचारही त्यांना मिळत नव्हता. सगळ्यांच्या दातांवर किटण होतं, तरी 8 टक्क्यांचा आजार झपाट्यानं वाढला, 81 टक्क्यांचा मध्यम गतीनं, आणि 11 टक्के लोकांचा सुजेच्या पुढे गेलाच नाही. म्हणजे जंतू तर लागतातच, पण नुकसान किती होणार ते शरीराची प्रतिक्रिया ठरवते. ती प्रतिक्रिया बिघडवणाऱ्या गोष्टींत सगळ्यात वर दोन: तंबाखू आणि न आवरलेली शुगर. हिरड्यांच्या आजाराच्या सध्याच्या जागतिक वर्गीकरणात तर दिवसाला 10 किंवा जास्त सिगारेटी, अथवा तीन महिन्यांची सरासरी शुगर, म्हणजे एचबीए1सी, 7 टक्के किंवा वर असली, की रुग्ण सरळ सगळ्यात वेगानं वाढणाऱ्या गटात धरला जातो.

आता बाकीच्या शरीराचं काय. तोंडभर आजार असेल तर फटींच्या आतल्या सुजलेल्या, सहज रक्त येणाऱ्या अस्तराचं एकूण क्षेत्रफळ साधारण 8 ते 20 चौरस सेंटीमीटर भरतं. "तळहाताएवढी उघडी जखम" असं जे छापून येतं ते फुगवलेलं आहे. पण 8 ते 20 सुद्धा कमी नाही. चावताना, घासताना तिथून जंतू रक्तात जातात, आणि सुजेची रसायनं सतत झिरपत राहतात. त्यांना उत्तर म्हणून यकृत सीआरपी हे सुजेची खूण असलेलं प्रथिन तयार करतं, आणि रक्ततपासणीत सीआरपी थोडा चढलेला दिसतो.

इथून पुढे मात्र प्रत्येक आजाराचा पुरावा वेगवेगळा तोलायला हवा. "हिरड्या खराब तर सगळं शरीर खराब" ही ओळ ऐकायला जोरकस आहे, पण तिनं एकदा फार नुकसान केलं आहे. 1910 मध्ये विल्यम हंटर या लंडनमधल्या डॉक्टरनं तोंडातल्या संसर्गावर सगळ्या शरीराच्या दुखण्यांचं खापर फोडलं, आणि पुढची कित्येक वर्षं सांधेदुखीपासून मानसिक आजारापर्यंत कशासाठीही लोकांचे धडधाकट दात उपटले गेले. ती लाट ओसरल्यावर हा विषयच बदनाम झाला. 1989 मध्ये फिनलंडमधून हार्ट अटॅक आणि खराब दातांचा संबंध दाखवणारा अभ्यास आला, तेव्हा कुठे तो पुन्हा मांडला गेला.

सगळ्यात भक्कम पुरावा मधुमेहाचा आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी आहे. शुगर जास्त राहिली की हिरड्यांतली सूज लांबते आणि जखम भरायला वेळ लागतो. उलट हिरड्यांतली सूज इन्सुलिनचं काम अडवते. उपचारानं शुगर उतरते का, यावर 2013 मध्ये अमेरिकेतल्या 514 जणांच्या चाचणीनं "नाही" असं उत्तर दिलं. त्यावर जाणकारांचा आक्षेप साधा होता: उपचारानंतरही त्या रुग्णांच्या तोंडात प्लाक आणि रक्तस्राव बराच उरला होता, म्हणजे हिरड्याच पुरत्या बऱ्या झाल्या नव्हत्या. 2018 मध्ये लंडनमधल्या 264 जणांच्या चाचणीत उपचार कसून केला, गरज पडली तिथं शस्त्रक्रियाही केली, आणि वर्षभरानं कसून उपचार घेतलेल्यांचा एचबीए1सी दुसऱ्या गटाहून 0.6 टक्क्यांनी कमी निघाला. कोक्रेन ही चाचण्यांचे निकाल एकत्र तोलणारी संस्था; तिच्या 2022 च्या आढाव्यानं 35 चाचण्या आणि 3,249 लोक एकत्र घेतले. एचबीए1सीतली घट 3 ते 4 महिन्यांनी 0.43 टक्के, सहा महिन्यांनी 0.30. म्हणजे 8.4 असलेला माणूस 8 च्या आसपास येऊ शकतो. गोळी सोडण्याइतका हा फरक नाही, पण औषधपाणी तेच ठेवून मिळत असेल तर तो घ्यावाच. माझं स्पष्ट मत आहे की मधुमेहाच्या रुग्णाचे डोळे आणि पाय जसे दरवर्षी तपासतात तशा हिरड्याही तपासायला हव्यात. शुगरचे डॉक्टर तोंड उघडायला सांगत नसतील तर आपणच सांगावं.

हृदयाचं चित्र इतकं स्वच्छ नाही. संबंध दिसतो, पण तंबाखू, वय आणि शुगर हे तिन्ही धोके दोन्ही आजारांना सामाईक आहेत. 2012 मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशननं संबंध मान्य केला, मात्र एकामुळे दुसरं होतं असं म्हणायला पुरावा अपुरा असल्याचं सांगितलं. 2007 च्या 120 जणांच्या एका चाचणीत कसून सफाई केल्यावर 24 तासांनी रक्तवाहिन्यांचं काम बिघडलेलं आढळलं आणि सहा महिन्यांनी सुधारलेलं. व्यवहारात याचा अर्थ असा: नुकताच हार्ट अटॅक येऊन गेला असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय खोल सफाईला बसू नका, आणि रक्त पातळ करायची गोळी स्वतःच्या मनानं बंद तर मुळीच करू नका. "स्केलिंग (दातांची सफाई) करा, अटॅक टाळा" असं कुणी सांगत असेल तर तितका पुरावा आज हातात नाही.

अल्झायमरचा पुरावा त्याहून कच्चा. 2019 मध्ये रुग्णांच्या मेंदूत हिरड्यांतला एक जंतू, पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस, सापडल्याचं प्रसिद्ध झालं. त्याच्या विषारी एन्झाइमला रोखणारं औषध 2021 मध्ये मुख्य चाचणीत नापास झालं. गर्भारपणाबद्दल 2006 मध्ये 823 जणींच्या चाचणीत हिरड्यांच्या उपचारानं अकाली प्रसूती कमी झाल्या नाहीत, पण उपचार सुरक्षित आहे हे पक्कं झालं. तेव्हा "बाळ झाल्यावर बघू" म्हणून सुजलेल्या हिरड्या घेऊन बसायचं कारण नाही.

बीपीच्या रुग्णांसाठी एक वेगळी गोष्ट. अम्लोडिपिन घेणाऱ्या काहींच्या हिरड्या फुगून दातांवर चढतात. फिट्सच्या फेनिटॉइननंही तसं होतं. प्लाक जितका जास्त तितकी वाढ जास्त. गोळी बदलायची की नाही ते फिजिशियन ठरवतील, पण दातांच्या डॉक्टरला आपल्या गोळ्यांची यादी दाखवल्याशिवाय हे लक्षात येत नाही.

आणि खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीवर घोटून गालात धरला की जिथं तो रोज बसतो तिथली हिरडी मागे सरकते, मुळं उघडी पडतात. सुपारीनं गालाचं अस्तर कडक होतं आणि तोंड पूर्ण उघडत नाही. मग मागच्या दाढांपर्यंत ना ब्रश जातो, ना डॉक्टरचं हत्यार. विडी-सिगारेटची गंमत नाही, फसवणूक आहे: तिच्यामुळे हिरड्यांतून रक्त कमी येतं, म्हणून आतलं हाड जात असूनही वरून सगळं ठीक दिसतं. ओढणाऱ्यानं रक्ताची वाट बघू नये, प्रोबनं मोजून घ्यावं. मिश्री आणि गुडाखू हे दात साफ करायचं साधन नाही, ती तंबाखूच आहे.

उपचाराबद्दल सगळ्यात मोठी भीती अशी की "साफ केल्यानं दात ढिले होतात." किटण म्हणजे लाळेतल्या क्षारांनी दगड झालेला प्लाक. लाळेच्या नळ्या उघडतात तिथं, म्हणजे खालच्या पुढच्या दातांच्या आतून आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला, तो सगळ्यात जास्त जमतो. ब्रशनं तो निघत नाही. हाड गेलेलं असताना तो दगड दातांना एकमेकांशी जखडून ठेवतो. तो काढला की खरी परिस्थिती दिसते: सूज उतरून हिरडी आखडते, फट उघडी पडते, थंड लागलं की काही आठवडे झिणझिणतं. दात मशीननं ढिले केलेले नसतात.

खोल फटी असतील तर जागा बधिर करून मुळांवरचं किटण काढतात, बहुधा दोन ते चार बैठकींत. खरी परीक्षा त्यानंतर सहा ते आठ आठवड्यांनी, पुन्हा आकडे मोजून. 4 पर्यंत उतरले आणि रक्त थांबलं तर जिंकलं. 6 वर अडलेल्या जागांसाठी हिरडी उघडून साफ करायचा विचार होतो. पुढे दर तीन महिन्यांनी दाखवायचं, कारण खोल फटीत जंतू काही आठवड्यांतच पुन्हा मूळ धरतात. खासगीत बैठकींचा खर्च झेपत नसेल तर नागपुरात मेडिकलच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय आहे, हिंगणा रस्त्याकडची दंत महाविद्यालयंही आहेत. तिथं पेरिओ, म्हणजे हिरड्यांच्या, विभागाचं नाव घेऊन विचारा.

घरी मऊ ब्रश, हिरडीकडे 45 अंशांत तिरपा, अर्धे केस काठावर. तिथंच दोन-दोन दातांवर छोटी थरथर, मग चावायच्या बाजूकडे झटका. दोन मिनिटं, दिवसातून दोनदा. तरीही दातांमधली जागा सुटतेच, आणि पायरिया बहुधा तिथूनच सुरू होतो. फट असेल तर बाटली धुण्याच्या ब्रशसारखा दिसणारा बारीक ब्रश घ्या. तो किंचित अडखळत आत जायला हवा: सैल गेला तर काम करत नाही, ढकलावा लागला तर मोठा झाला. पुढच्या दातांना आणि दाढांना वेगळे आकार लागू शकतात. फटच नसेल तर फ्लॉस. क्लोरहेक्सिडीनचं 0.2 टक्के माउथवॉश 10 मिली, एक मिनिट, दिवसातून दोनदा, साधारण दोन आठवड्यांपुरतंच. जास्त दिवस वापरलं तर दात तपकिरी होतात आणि चव जाते. पेस्टनंतर अर्धा तास थांबा, पेस्टमधला फेस आणणारा घटक त्याला निकामी करतो.

अंथरुणाला खिळलेल्या वडीलधाऱ्यांसाठी मात्र तोंडाची सफाई थेट फुफ्फुसाशी जोडलेली आहे. जपानमध्ये 11 वृद्धाश्रमांत दोन वर्षं चाललेल्या आणि 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, जेवणानंतर तोंड साफ करून दिलेल्यांपैकी 11 टक्क्यांना न्यूमोनिया झाला, न दिलेल्यांपैकी 19 टक्क्यांना. आजी-आजोबांना उशीनं अर्धवट बसवा किंवा कुशीवर वळवा. कवळी आधी काढा आणि रात्री बाहेरच ठेवा. पेस्ट वाटाण्याहून कमी, ब्रश ओला पण निथळलेला. तोंडात पाणी ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. घासून झालं की बोटाला ओलं गॉज गुंडाळून गाल, जीभ आणि टाळू पुसून घ्या, आणि शेवटी ओठांना व्हॅसलीन लावा.