कॅप्टनला कधी टोकायचं, ते आधी आकड्यात ठरवा

सांगली-मिरज, तासगाव, कराडकडची पोरं मर्चंट नेव्हीत गेली की समुद्राला लवकर सरावतात. जीभ अडते ती कॅप्टन किंवा पायलट (बंदरात वाट दाखवायला जहाजावर येणारा स्थानिक जाणकार) चुकतोय हे दिसत असताना. वडीलधाऱ्यांना मध्येच तोडायचं नाही हे घरचं वळण ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या खोलीत, नडतं. एसटीसीडब्ल्यू या खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या २०१० च्या मनिला दुरुस्त्यांनी ब्रिज रिसोर्स मॅनेजमेंट, म्हणजे ब्रिजवरच्या सगळ्यांनी मिळून काम करण्याचं शिक्षण, वॉच (पाळी) सांभाळणाऱ्या ऑफिसरांना सक्तीचं केलं, पण वर्गात ‘धीटपणे बोला’ असं सांगून कुणी धीट होत नाही. त्याच्या हातात आकडा द्यावा लागतो.

सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ फूट म्हणजे धोका, हे पावसाआधीच ठरलेलं असतं. पाणी चढल्यावर त्यावर वाद होत नाही. पॅसेज प्लॅनचंही, म्हणजे प्रवासाच्या आखलेल्या मार्गाचंही, तसंच करावं. ट्रॅकपासून किती केबल (सागरी मैलाचा दहावा भाग) सरकलो की बोलायचं, कीलखाली (जहाजाच्या तळाखाली) किती पाणी उरलं की बोलायचं, दुसरं जहाज किती मैलांच्या आत येणार असेल तर कॅप्टनला बोलवायचं, हे सगळं ब्रीफिंगमध्ये कॅप्टनच्याच तोंडून आलं पाहिजे. मग थर्ड ऑफिसर साहेबांची चूक काढत नाही, ठरलेला आकडा वाचून दाखवतो.

स्क्वॉट घ्या, म्हणजे उथळ पाण्यात वेगामुळे जहाज जास्त खाली बसणं. उथळ पण मोकळ्या पाण्यात ढोबळ हिशेब असा: वेगाचा नॉटमधला (तासाला सागरी मैल) वर्ग गुणिले ब्लॉक कोइफिशंट (बुडालेला भाग चौकोनी ठोकळ्याच्या किती जवळ, ते सांगणारा आकडा), भागिले १००, उत्तर मीटरमध्ये येतं. अरुंद चॅनेलमध्ये त्याची दुप्पट धरायची. कोइफिशंट ०.८ असलेलं जहाज चॅनेलमध्ये ८ नॉटला साधारण १.०२ मीटर बसतं, १२ नॉटला २.३० मीटर. प्लॅन ८ चा असताना पायलटने १२ केले तर कीलखालचं सव्वा मीटर पाणी गेलं. इथे ‘सर, स्पीड जरा जास्त आहे का?’ असं विचारलं की ‘हं, ठीक आहे’ एवढंच उत्तर येतं. बोलायचं असं: ‘स्पीड ट्वेल्व्ह, प्लॅन एट. क्लिअरन्स बिलो लिमिट. रिड्यूस स्पीड, सर.’ आधी आकडा, मग परिणाम, मग मागणी. उत्तर आलं नाही तर तेच पुन्हा, मोठ्याने.

सुकाणूच्या ऑर्डरीचा सराव विश्रामबागेतल्या एखाद्या खोलीतही होतो, सिम्युलेटर लागत नाही. एकजण ‘पोर्ट टेन’ (डावीकडे दहा अंश) म्हणतो, चाक धरणारा हेल्म्समन ‘पोर्ट टेन’ परत म्हणतो, चाक फिरवतो, रडर (सुकाणू) तिथे पोचल्यावर ‘व्हील पोर्ट टेन’ कळवतो. बरेचजण इथेच थांबतात. पण तोंडाने पोर्ट म्हणत हात स्टारबोर्डला, उजवीकडे, जाऊ शकतो, म्हणून ऑर्डर देणाऱ्याची नजर रडर इंडिकेटरवर हवी. १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या किनाऱ्याजवळ खडकावर आपटलेल्या कोस्टा काँकॉर्डिया या प्रवासी जहाजावर शेवटच्या क्षणांत हेल्म्समनने चाक उलट फिरवलं होतं. त्याआधी जहाज किनाऱ्याच्या फार जवळ चाललंय हे पाहायला ब्रिजवर अधिकारी होते, ठामपणे कुणी अडवलं नाही. ३२ माणसं गेली.

आकडा मात्र एकाच यंत्राचा नको. १९९५ च्या जूनमध्ये रॉयल मॅजेस्टी या प्रवासी जहाजाच्या जीपीएस अँटेनाची केबल निसटली, यंत्र अंदाजाने पोझिशन दाखवत राहिलं आणि सुमारे ३४ तासांनी जहाज अमेरिकेतल्या नॅन्टकेट बेटाजवळ उथळ पाण्यात रुतलं, मार्गापासून १७ मैल बाजूला. इतके वॉच बदलले, पण जो तो त्याच पोझिशनवर विसंबला. किनारा दिसत असेल तर रडारवर पॅरलल इंडेक्स (किनाऱ्याच्या खुणेपासून ठरलेलं अंतर दाखवणारी मार्गाला समांतर रेघ) लावा आणि बेअरिंग (खुणेची दिशा) घ्या; ती जीपीएसवर अवलंबून नसतात.

सिम्युलेटरवर इन्स्ट्रक्टरने एक-दोन चुका मुद्दाम पेराव्यात: पायलट झालेल्याने व्हील ओव्हर पॉइंट (वळणासाठी चाक फिरवायची जागा) आला तरी फोनवर बोलत राहावं, किंवा कॅप्टनने चुकीची ऑर्डर द्यावी. डीब्रीफमध्ये, म्हणजे नंतरच्या चर्चेत, कोण बरोबर हे उगाळत बसू नये. ट्रॅक परत चालवून प्रत्येकाला विचारावं: मर्यादा कधी ओलांडली, तू कधी बोललास, मधले सेकंद कशात गेले? बहुतेकदा ते ‘साहेबांच्या लक्षात आलंच असेल’ यात गेलेले असतात. कॅप्टन झालेल्यालाही तपासावं, कारण त्याने एकदा खेकसलं की उरलेल्या एक्सरसाइजमध्ये ब्रिज गप्प होतो. ‘थँक यू, चेकिंग’ एवढं उत्तर पुरतं, टोकणारा चुकला असला तरी.