युनिमॅटच्या दोन दांड्या

शनिवार

साफसफाई आणि तेलपाणी झाल्यावर युनिमॅट एसएल आज पुन्हा पूर्ण जोडून उभे राहिले. ऑस्ट्रियातील हालाइनच्या एम्को कंपनीने 1950 च्या दशकात बाजारात आणलेल्या या छोट्या लेथच्या, म्हणजे जॉब (कापायचा तुकडा) फिरवून तो टूलने कापणाऱ्या यंत्राच्या, बेडपासून केंद्ररेषेची उंची अवघी 36 मिमी आहे. मोठ्या लेथला बिडाचा ओतीव बेड असतो, तर येथे 12 मिमी व्यासाच्या दोन पोलादी दांड्या आहेत आणि टूल वाहणारी कॅरेज व जॉबच्या दुसऱ्या टोकाला आधार देणारा टेलस्टॉक त्यांच्यावरूनच सरकतात. सोबतच्या पेटीत ड्रिल चक, जॉब धरणारा चार जबड्यांचा चक, वर्तुळाचे समान भाग पाडण्याची चकती, लांब जॉबला आधार देणारा स्टेडी, गोल करवतीचे टेबल आणि हेडस्टॉक (ज्यात जॉब फिरवणारा दांडा, म्हणजे स्पिंडल, असतो) उभा बसवून ड्रिलिंग व मिलिंग करण्यासाठीचा खांब असे बरेच जोडसामान आहे. ते टेबलावर मांडले असता मला एकच प्रश्न महत्त्वाचा वाटला: यांतील कोणती वस्तू कापण्याचा जोर त्या दोन दांड्यांच्या आणि स्पिंडलच्या बेअरिंगच्या जवळ ठेवते, आणि कोणती त्यांच्यापासून दूर नेते?

गोल दांडीचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. त्यामुळे 12 ऐवजी 14 मिमीच्या दांड्या घातल्या तर ताठपणा सुमारे 85 टक्क्यांनी वाढेल, हे गणित मोहात पाडणारे आहे. परंतु त्यासाठी बेडची टोके, कॅरेज आणि टेलस्टॉक यांतील सगळी छिद्रे एका रेषेत राखून मोठी करावी लागतील, आणि एकदा मोठी केलेली छिद्रे पुन्हा लहान होत नाहीत. सत्तर वर्षांपूर्वी रेखलेल्या यंत्राच्या मूळ भागांना कायमचा छेद द्यावा असे मला वाटत नाही. जो बदल दोन स्क्रू सैल करून परत काढता येतो, तेवढाच मी या यंत्रावर करीन. सुदैवाने त्याच गणिताची दुसरी बाजू फुकट मिळते. चकमधून बाहेर आलेल्या जॉबचे वाकणे त्याच्या लांबीच्या तिसऱ्या घाताने वाढते, म्हणून बाहेरची लांबी निम्मी केली की त्याच जोराखाली वाकणे एक अष्टमांशावर येते. जॉब आखूड धरणे, टूल शक्य तितके मागे घेऊन आवळणे आणि वापरात नसलेली स्लाइड पक्की करणे यांइतका उपयोग कुठल्याही विकतच्या वस्तूचा होत नाही.

या कसोटीवर ईआर 16 मापाचा कॉलेट चक (चिरा असलेल्या नळीने गज सभोवार आवळणारा चक) पहिल्या क्रमांकावर येतो. एसएलच्या स्पिंडलवर एम 12 × 1 चे (12 मिमी व्यासाचे, 1 मिमी अंतराचे) आटे आहेत आणि त्याच आट्यांचे कॉलेट चक मिळतात. 1 ते 10 मिमी व्यासाचे गज त्यात सर्व बाजूंनी सारखे धरले जातात, बाहेर फिरणारे जबडे नसल्यामुळे टूल अगदी जवळ नेता येते आणि बोटांना धोकाही कमी राहतो. मात्र चकचा मध्य आट्यांवर ठरत नाही. तो आट्यांमागील गुळगुळीत भाग आणि टेकणारा खांदा यांवर ठरतो. तेथे एक बारीकसा किसही राहिला तर उत्तम कॉलेटदेखील तिरका बसतो, म्हणून प्रत्येक वेळी खांदा पुसूनच चक चढवावा.

शेरलाइन आणि टेग या लेथच्या स्पिंडलवर पाऊण इंच, इंचाला 16 असे आटे असतात. त्यांचे चक बसवण्यासाठी अडॅप्टर मिळतात आणि त्यामुळे निवड खूप वाढते, हे खरे आहे. पण अडॅप्टरच्या जाडीइतका चक बेअरिंगपासून पुढे जातो. पितळ आणि ॲल्युमिनियमच्या हलक्या कामाला ते चालेल; पोलादावर मी तो मार्ग घेणार नाही. हेडस्टॉक व टेलस्टॉक उंच करणाऱ्या ठोकळ्यांबद्दलही माझे मत असेच आहे. व्यास मोठा मिळतो, परंतु तोच जोर लांब तरफेवर लागतो आणि अशक्त दांड्यांवर अधिक भार येतो.

मोटारीचा विचार वेगळा आहे. मूळची ब्रश असलेली छोटी मोटार सलग तासन्‌तास चालवण्यासाठी नाही; ती तापू लागली की थांबावे. पण तिची खरी अडचण शक्तीपेक्षा वेगाची आहे. पोलाद साध्या हायस्पीड टूलने मिनिटाला 25 मीटर वेगाने कापायचे, तर 20 मिमी व्यासासाठी मिनिटाला सुमारे 400 फेरे लागतात आणि 50 मिमीसाठी सुमारे 160 पुरतात. इतक्या कमी वेगासाठी मधली पुली किंवा वेग कमी करणारी जोडणी बसवणे मला मोठी मोटार बसवण्यापेक्षा जास्त शहाणपणाचे वाटते, कारण पुलीमुळे वेग घटतो तेव्हा टॉर्क वाढतो. गोल पॉलियुरेथेनचा पट्टा मात्र आजच घातला. त्याची टोके तापवून एकमेकांना चिकटवता येत असल्यामुळे हवी ती लांबी घरीच करता येते.

रविवार

आजचा दिवस टूल जॉबकडे आत-बाहेर नेणाऱ्या क्रॉस स्लाइडच्या डायलसाठी, म्हणजे तिच्या चाकावरील मापरेघांच्या कड्यासाठी, राखून ठेवला होता, आणि या सगळ्या कामात मला सर्वांत जास्त आनंद तिथेच मिळाला.

मूळ चाकाच्या एका फेऱ्यात स्लाइड 1 मिमी सरकते आणि त्यावर 20 रेघा आहेत, म्हणजे एक रेघ 0.05 मिमीची. टूल तेवढे आत गेले की व्यास 0.10 मिमीने कमी होतो. बेअरिंगच्या बैठकीसारख्या कामाला ही पायरी फार मोठी आहे. मी ॲल्युमिनियमची 40 मिमी व्यासाची नवी डायल वळवून घेतली आणि तिच्यावर 40 रेघा पाडल्या. 40 मिमी व्यासाचा परीघ सुमारे 125.7 मिमी होत असल्याने दोन रेघांत 3 मिमीहून थोडे जास्त अंतर राहते. मधला अर्धा भागही डोळ्यांनी सहज ओळखता येतो आणि एक रेघ व्यासात 0.05 मिमी दाखवते.

रेघा पाडण्याचे कामही लेथवरच झाले. स्पिंडल भाग पाडण्याच्या 40 खाचांच्या चकतीत अडकवले, टोकदार टूल आडवे करून बरोबर केंद्राच्या उंचीवर बांधले आणि मोटार बंद ठेवून कॅरेज हाताने पुढे सरकवली. प्रत्येक दहावी रेघ लांब, पाचवी मध्यम आणि बाकीच्या आखूड. खाच बदलताना खिटी पूर्ण आत बसल्याची खात्री हाताने करून घ्यायची आणि रेघ ओढताना टूल नेहमी एकाच दिशेने न्यायचे, एवढी दोनच पथ्ये पाळावी लागतात. शेवटी तेलात बुडवलेला बारीक पॉलिश पेपर फिरवला आणि रेघांच्या कडांवर उभे राहिलेले किस निघाले.

डायल स्लाइडच्या स्क्रूच्या दांड्यावर घर्षणाने धरली जाते, त्यामुळे टूल जॉबला टेकताच तिला शून्यावर आणता येते. स्क्रू आणि नट यांमधील ढिलाई अर्थातच तशीच राहिली आहे. मोजमाप घेताना स्लाइड नेहमी आत जाण्याच्या दिशेनेच फिरवावी आणि पुढे गेल्यास पूर्ण अर्धा फेरा मागे घेऊन पुन्हा यावे, हा नियम नव्या डायललाही लागू आहे.

उभ्या खांबाचे काम पुढे ढकलले. गोल खांबावर हेडस्टॉक वर-खाली केला की तो थोडा वळतो आणि आधी साधलेली जागा सुटते, म्हणून त्याला दिशा धरून ठेवणारी पट्टी लागेल, आणि तीही खांबाला खाच न पाडता बसवायची आहे. त्याआधी पार्टिंगसाठी, म्हणजे जॉब कापून वेगळा करण्यासाठी, मागचा टूलपोस्ट (टूल धरणारा ठोकळा) करीन. टूल उलटे धरून मागून कापले की जोर वरच्या दिशेने येतो, आणि टूल थोडे वाकले तरी ते जॉबमध्ये घुसण्याऐवजी त्याच्यापासून दूर जाते. त्यासाठी बिडाचा एक ठोकळा काढून ठेवला आहे. क्रॉस स्लाइडच्या टी-खाचेचे माप घेऊन उद्या त्याचे तळपृष्ठ सपाट करायला घेईन.