पाऊस परंड्याला, पाणी आमच्या दारात

मी नोकरीमुळं सोलापुरात असतो, आई-आण्णा गावाकडं, मोहोळ तालुक्यात सीना नदीच्या काठाला. सप्टेंबर 2025 च्या पुरात माझ्या फोनवर सगळे अलर्ट येत होते, पण एकाचाही उपयोग झाला नाही कारण मी बघत होतो आमच्या गावचा पाऊस. तो दुपारपासून उघडला होता. आण्णा म्हणले, उघडीप आहे की रे, कशाला घाबरतोस. आणि रात्री पाणी गोठ्यात. शेजारच्या काकांनी विळ्यानं दावी कापली म्हणून जनावरं वाचली, नदीवरची मोटर मात्र केबलसकट गेली. मी निघालो तर लांबोटीजवळ हायवेच बंद, दोन दिवस नुसता फोनवर फोन.

नंतर डोकं शांत झाल्यावर कळलं की चूक कुठं झाली. सीना येते अहिल्यानगरकडनं, त्यात धाराशिव जिल्ह्यातल्या भूम-परंड्याकडचं पाणी मिळतं, म्हणजे सीना-कोळेगाव, चांदणी, खासापुरी या धरणांतनं विसर्ग सोडला की काही तासांनी आमचा नंबर. ग्रुपवर मात्र सगळे उजनीचे आकडे फिरवत बसलेले. अहो, उजनीचं पाणी भीमेला, पंढरपूरकडं जातं, सीना तिला भेटते पार खाली हत्तरसंग कुडलला! त्यात कुणीतरी धरण फुटल्याचा कुठला तरी जुना व्हिडिओ टाकला, त्यानं अजून गोंधळ.

म्हणून यंदा मेमध्येच तयारीला लागलो. ‘सचेत’ हे सरकारचं आपत्तीचे इशारे देणारं ॲप मराठीत करून आईच्या फोनमध्ये टाकलं, लोकेशन चालू ठेवलं, आणि बॅटरी सेव्हरमधनं ते वगळलं, नाहीतर फोन ते झोपवून टाकतो अन् अलर्ट सकाळी दिसतो (माझ्या फोनवर हेच व्हायचं, मी उगाच ॲपला शिव्या देत होतो). वळवाच्या विजेसाठी ‘दामिनी’, ते पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ॲप आहे, आसपास 20 ते 40 किलोमीटरात वीज पडायची शक्यता असली तर सांगतं. आण्णांचा साधा फोन, त्यांना 1077 पाठ करायला लावला, जिल्ह्याच्या कंट्रोल रूमचा. रेड-ऑरेंज अलर्ट बघायचाच, पण तो अख्ख्या जिल्ह्यासाठी असतो आणि आपला जिल्हा 11 तालुक्यांचा, सांगोल्यात कोरडं आणि बार्शीत धो धो असं कितीदा होतं.

पण खरा भरवसा माझा आतेभावावर, तो परंड्याला असतो. तिकडं जोर धरला की तो फोन करणार, मी विसर्गाचा आकडा किती क्युसेक ते बघून गावात कळवणार, आणि आकडा वाढतोय असं दिसलं की पाण्याची वाट न बघता मोटर-स्टार्टर वर काढायचे, जनावरं रात्री दावणीला बांधायची नाहीत, माळावरच्या चुलत्यांकडं न्यायची. सातबारा, आधार, पासबुकं झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात, तो डबा माळ्यावर. पॉवर बँक, बॅटरी, आईच्या बीपीच्या गोळ्या महिनाभराच्या.

मोटर काढायला आण्णा अजून कुरकुरतात, दरवेळी चार माणसं लागतात म्हणून. जूनमध्ये एकदा काढली आणि पाणी आलंच नाही, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. परवा आतेभाऊ हसत सांगत होता, मामाच आता रात्री दहाला फोन करून विचारतात, तिकडं ढग कसाय रे.