चालता चालता दम सोडणारं पेट्रोल इंजिन

गार असताना इंजिन पहिल्या ओढीत सुरू होतं, दहा-पंधरा मिनिटं लोड नीट घेतं आणि मग आवाज बसायला लागतो. रेस खालीवर होते, शेवटी बंद पडतं. थोडा वेळ थांबून दोरी ओढली की पुन्हा काही झालंच नव्हतं असं चालतं. पाण्याचा पंप असो, टिलर असो की छोटा जनरेटर, तक्रार हीच असते आणि ती दूर करताना होणारी चूकही हीच: इंजिन पूर्ण गार झाल्यावर निवांतपणे कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल-हवेचं मिश्रण करणारा भाग, खोलणे. तोवर बिघाड नाहीसा झालेला असतो. कार्बोरेटर साफ होतो, इंजिन गार असल्यामुळे चांगलं चालतं, आणि काम झालं असं वाटतं. म्हणून तपासणी बिघाड अंगात असतानाच करायची. दम सुटायला लागला की हाताशी मिनिटभर असतो. तेवढ्यात तीन-चार गोष्टी बघून होतात.

आधी कान. पेट्रोल कमी पडतं तेव्हा इंजिन हळूहळू खचतं, मध्येच सावरतं, पुन्हा खचतं. ठिणगीचा करंट जातो तेव्हा एकदम तुटतं, कधी सायलेन्सरमधून फाटका आवाज येतो. फरक लक्षात आला की निम्मं काम झालं.

मग गव्हर्नरकडे, म्हणजे रेस आपोआप सांभाळणाऱ्या रचनेकडे, नजर. लोडवर रेस पडली की गव्हर्नरने थ्रॉटल, म्हणजे मिश्रण आत सोडणारी झडप, उघडायला हवा. कार्बोरेटरवरचा लिव्हर शेवटपर्यंत उघडलेला असूनही रेस पडतेय, तर गव्हर्नर आपलं काम करतोय आणि दोष पेट्रोल, हवा, ठिणगी किंवा कॉम्प्रेशनमध्ये (सिलिंडरमधल्या दाबात) आहे. लिव्हर जागचा हलतच नसेल तर कार्बोरेटरला हात लावू नका. गव्हर्नरची स्प्रिंग चुकीच्या भोकात अडकवली आहे का, आर्मचा नट ढिला आहे का, ते पाहा. रेस वाढवण्यासाठी स्प्रिंग ताणून ठेवण्याचा उपाय मात्र करू नये. इंजिन मर्यादेबाहेर फिरलं तर कनेक्टिंग रॉड तुटून केसिंग फुटू शकतं.

लिव्हर पूर्ण उघडा असेल तर चोक, म्हणजे कार्बोरेटरची हवा अडवणारी पाकळी, अर्धा बंद करा. ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त सांगून जाणारी चाचणी. इंजिन लगेच सावरलं तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी फालतू हवा शिरतेय. आणखी घुसमटलं, काळा धूर आला, तर पेट्रोल आधीच जास्त आहे: एअर फिल्टर तुंबलेला, फ्लोटची (कार्बोरेटरमधल्या तरंगत्या गोळ्याची) पेट्रोल अडवणारी सुई गळकी, किंवा चोकची पाकळीच अर्धी अडकलेली. सावरणं नाही, धूरही नाही, तर ठिणगी आणि व्हॉल्व्हकडे वळायचं.

चोकने सावरणाऱ्या इंजिनात पहिला संशय टाकीच्या टोपणावर. टाकीतून पेट्रोल खाली जातं तितकी हवा टोपणाच्या बारीक छिद्रातून आत यावी लागते. ते छिद्र धुळीने बुजलं की टाकीत हवेचा दाब घटतो. या इंजिनांना बहुधा पेट्रोल पंप नसतो, नुसत्या उतारावर काम चालतं. पेट्रोलची पातळी कार्बोरेटरच्या वर १५ सेंटिमीटर असेल तर तिचा दाब वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम एक टक्का असतो. टाकीतला दाब तेवढा उतरला की धार थांबली. टाकी काठोकाठ भरल्यावर तक्रार जास्त येत असेल तर टोपणच धरा, कारण वर हवेला जागा कमी, दाब पटकन पडतो. चाचणी सोपी: दम सुटताच टोपण सैल करा. फुस्स आवाज आला आणि इंजिन सावरलं, तर छिद्र साफ करा किंवा टोपण बदला. टोपण उघडं ठेवून काम रेटणं धोक्याचं, गरम सायलेन्सर शेजारीच असतो.

टोपण निर्दोष निघालं तर धार मोजा. इंजिन बंद करून सायलेन्सर निवल्यावर कार्बोरेटरकडची नळी काढा, टोक बाटलीत सोडा, कॉक उघडा. पाच अश्वशक्तीच्या आसपासचं इंजिन पूर्ण लोडवर तासाला साधारण दीड लिटर पितं, म्हणजे मिनिटाला २५ मिलिलिटर. मोकळ्या नळीतून याच्या कितीतरी पट पेट्रोल यायला हवं; मिनिटाला १०० मिलिलिटरही येत नसेल तर अडथळा आहे असं मी धरतो. पहिले काही सेकंद पाहून समाधान मानू नका, दोन-तीन मिनिटं धार बघा. सुरुवातीला जोरात येऊन मग मंदावणारी धार टाकीतल्या जाळीवर किंवा फिल्टरवर गाळ चढतोय हे सांगते. कॉकखालची गाळाची वाटीही याच वेळी उघडून पुसून घ्या. जुनी नळी बाहेरून धडधाकट दिसते पण आतून फुगून तिची वाट अरुंद झालेली असते. तीही बदलून टाकावी, दुरुस्तीच्या भानगडीत पडू नये.

धार चांगली असेल तरच कार्बोरेटर. खालचा बाऊल बहुतेक वेळा १० मिलिमीटरच्या एका बोल्टवर असतो. कॉक बंद करून बाऊल जपून उतरवा आणि आतलं पेट्रोल ओतून देण्याआधी तळ बघा. पाणी असेल तर थेंब तळाशी वेगळे दिसतात. जेट तळाजवळच असल्यामुळे लोड आला, ओढ वाढली, की हेच पाणी त्यात शिरतं. मेन जेटचं, म्हणजे पेट्रोल मापात सोडणाऱ्या तोटीचं, भोक एक मिलिमीटरहून लहान असतं. ते वायरमधल्या तांब्याच्या एका बारीक तारेने आणि क्लीनर स्प्रेने साफ करा. सुई किंवा पोलादी तार घातली तर भोक मोठं होतं आणि मग इंजिन कायम जास्त पेट्रोल पितं. जेटच्या वरची छिद्रांची नळी अनेकांकडून राहून जाते. तीही काढून प्रत्येक छिद्र उजेडात धरून पाहा. बसवताना कार्बोरेटर आणि हेडमधली गॅस्केट फाटलेली नसावी. शंका असेल तर इंजिन चालू असताना सांध्यावर थोडं पाणी फवारा; रेस बदलली तर हवा तिथूनच शिरतेय. यासाठी पेट्रोल किंवा क्लीनर गरम इंजिनावर मारू नका.

आता एकदम तुटणारं इंजिन. प्लग आणि कॅपच्या मध्ये लावायचा स्पार्क टेस्टर आणा आणि तो लावूनच इंजिन चालवा. बंद पडताना ठिणगी आधी गेली का, हे डोळ्यांनी दिसतं. गरम झाल्यावर आतली बारीक तार तुटक होणारी कॉइल (ठिणगीचा करंट तयार करणारा भाग) गार असताना मीटरवर बिनचूक आकडा दाखवते, त्यामुळे गार कॉइलच्या ओहमवर निकाल देऊ नये. मात्र कॉइल बदलण्याआधी तिच्याकडे येणारी बंद करायच्या स्विचची वायर सोडवून पाहा. पुष्कळ इंजिनांत ऑइल कमी झाल्याचा सेन्सरही याच वायरवर असतो, आणि ऑइल काठावर असलं की उतारावर किंवा हादऱ्याने तो करंट तोडतो. वायर सोडवल्यावर स्विचने इंजिन बंद होणार नाही, चोक पूर्ण बंद करून थांबवावं लागेल. कॉइल बदललीच तर फ्लायव्हीलपासून (इंजिनाच्या फिरत्या जड चाकापासून) अंतर पुस्तिकेप्रमाणे ठेवा. बऱ्याच इंजिनांना जाडसर व्हिजिटिंग कार्डाइतकं पुरतं. प्लगचा गॅप (टोकांमधली फट) बहुधा ०.७ ते ०.८ मिलिमीटर.

ठिणगी आहे, पेट्रोल आहे, तरी गरम झाल्यावर दोरी हलकी लागते आणि सुरू होत नाही? मग टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला उघडणाऱ्या दांडीमधला गॅप. व्हॉल्व्ह सीटमध्ये झिजून वर सरकतो तसा गॅप घटत जातो. तापल्यावर दांडा लांबतो, उरलासुरला गॅप संपतो, व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन निसटतं. गार झाला की परत बसतो, म्हणून हा दोष सगळ्यात जास्त चकवतो. काही इंजिनांत सुरू करताना दाब सोडणारी रचना असते, त्यामुळे दोरीचा जोर गार आणि गरम असा दोन्ही वेळा ताडून बघा. सेटिंग मात्र पूर्ण गार इंजिनावर, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून, फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी). होंडाच्या जीएक्स १६० ला इनटेक ०.१५ आणि एक्झॉस्ट ०.२० मिलिमीटर, इतर इंजिनांचे आकडे त्यांच्या पुस्तिकेतून घ्या, अंदाजाने नको.

सायलेन्सरमधली ठिणगी अडवणारी जाळी काजळीने भरली तरी इंजिन लोड घेत नाही, आणि टू-स्ट्रोकमध्ये तर हे नेहमीचंच. जाळी काढून तारेच्या ब्रशने घासा. फॅनचं कव्हर उतरवून सिलिंडर गार ठेवणाऱ्या धातूच्या पंखांमध्ये अडकलेला कचराही काढा. वरून स्वच्छ दिसणाऱ्या इंजिनातही कव्हरखाली गवत आणि तेलकट माती कोंबलेली असते, विशेषतः स्पार्क प्लगच्या मागच्या बाजूला.