गाडीचं इथं नको

आत्ता लिहायला बसण्याआधी मुद्दाम बघितलं, आमच्या गाडीच्या ग्रुपवर गेले एकवीस दिवस एकही मेसेज नाही. शेवटचा मेसेज म्हणजे कोणीतरी टाकलेला घासलेल्या टायरचा फोटो, त्याखाली एकाचं "किती किमी झाले?" आणि त्याला उत्तरच नाही, बहुतेक टायर बदलून पण झाला असेल एव्हाना. आणि चावडीवर? चावडीवर कालपासूनचे दोनशे चौदा मेसेज न वाचलेले पडलेत. केळीचा भाव, कुणाच्या भाच्यासाठी स्थळ, बिबड्यांचा (ज्वारीच्या पापडांचा) घाटा तेल टाकून खायचा की तूप, इन्व्हर्टरची बॅटरी, आणि अप्पांचे सहा ऑडिओ.

चावडी म्हणजे आमचा दुसरा ग्रुप, "गाडी सोडून बाकी सगळं" असा. आम्ही साठेक जण आहोत, १८, १९ आणि ३९ नंबरप्लेटवाले, म्हणजे धुळे, जळगाव, नंदुरबार, शिवाय खान्देश सोडून गेलेले पण न सुटलेले काही, त्यात एक सुरतवाला आणि एक हिंजवडीवाला. सगळे गाडीवेडे. आधी एकच ग्रुप होता, आणि त्याचे दोन कसे झाले त्याला कारण आहे एक टोमॅटो.

झालं असं की डिसेंबर चालू होता, भरीताचे दिवस. एका बिचाऱ्यानं विचारलं की बोलेरोची क्लच प्लेट कुठली घेऊ, ओरिजिनल की बाजारातली, घाई आहे. त्याच मिनिटाला हिंजवडीवाल्यानं फोटो टाकला, "मी केलेलं भरीत". आणि त्या भरीतात टोमॅटो. बारीक चिरलेला, लालभडक, लपवलेला सुद्धा नाही.

मग जे सुरू झालं ते रात्री दीडपर्यंत. अमळनेरच्या डॉक्टर ताई, एरवी दिवसाला एक मेसेज टाकणाऱ्या, त्यांनी सरळ निकाल दिला की टोमॅटो घातला की ते भरीत राहत नाही, ती वांग्याची भाजी होते, दादा तू खुशाल खा पण नाव बदल. यावलकडच्या एकानं लिहिलं की वांगी कुठली ते आधी सांग, बामणोदची का मॉलची? कारण आपली ती हिरवी, पांढरट रेघांची, हातभर लांब वांगी असतात, ती कापसाच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजायची, शेतातच, साल काळी ठिक्कर होऊन आपोआप सुटली पाहिजे. गॅसवर भाजलं की वांगं शिजतं, पण धुराचा वास कुठून आणणार? मग लाकडी भांड्यात ठेचायचं, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, आणि सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी. एकानं तावातावानं टाकलं की आपल्या भरीताला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, थट्टा नाही, त्यावर दुसरा शहाणा म्हणाला जीआय वांग्याला आहे भाऊ, भरीताला नाही, तिथून अजून चाळीस मेसेज. मध्येच धुळ्याहून अप्पांचा ऑडिओ आला, त्यात नुसता फॅनचा आवाज आणि शेवटी "पाणी उना का रे भो तुमनाकडे?" म्हणजे पाऊस आला का, डिसेंबरात. त्यांनी ऑडिओ बहुतेक दुसऱ्याच कुणाला करायचा होता.

क्लच प्लेटवाला सकाळी आठ वाजता लिहितो, "मी बाजारातली घेतली."

नाना तापले. नाना म्हणजे आमचे अ‍ॅडमिन, भुसावळचे, रेल्वेतून रिटायर्ड, शिस्तीचे. त्यांच्याकडे प्रीमियर पद्मिनी आहे, ती ते रविवारी धुतात आणि सोमवारी परत झाकतात. त्यांचं म्हणणं एका अर्थानं बरोबर होतं, लोक इथे गाडीसाठी आले आणि आपण त्यांना वांगी दाखवू राह्यलो. दुसऱ्या दिवशी दोन ग्रुप झाले आणि नियम आला, इथे फक्त गाडीचं, बाकी सगळं चावडीवर, चुकलं की मेसेज डिलीट, तीनदा चुकलं की आठवडाभर बाहेर.

आठ दिवसात गाडीचा ग्रुप थंड. मला वाटतं नानांनाही तसं अपेक्षित नसावं. आता तिथे हमखास मेसेज येतो तो वर्षातून एकदा, १४ डिसेंबरला, मारुती ८०० चा वाढदिवस म्हणून, १९८३ साली त्या दिवशी इंदिरा गांधींनी दिल्लीत पहिल्या गाडीची चावी दिली होती. तो मेसेज मीच टाकतो, कारण माझ्याकडे वडिलांची ९७ची ८०० आहे. अकरा अंगठे येतात, एक केक येतो, संपलं.

खरं सांगू का, गाडीबद्दल बोलण्यासारखं असतं तरी किती? मायलेज किती देते, सर्व्हिसिंगला किती घेतले, नवीन सिएरा बघितली का. एकदा बोलून झालं की झालं. पण साठ माणसं तीनशे पासष्ट दिवस एकमेकांच्या खिशात बसलेली असली की ती गाडीवर थोडीच थांबणार आहेत.

आता अप्पाच घ्या. चावडीवर सगळ्यात जास्त बोलणारा माणूस, आणि त्यांच्याकडे गाडीच नाही. कधीच नव्हती. एसटीत ड्रायव्हर होते, बरीच वर्षं चाळीसगाव-कन्नड घाटातून गाडी घातली. त्या घाटाला औट्रम घाट म्हणतात, जेम्स औट्रम म्हणून इंग्रज अधिकारी होता, १८२५ साली त्यानं खान्देशात भिल्ल पलटण उभी केली, त्याच्या नावानं. अप्पा आयुष्यभर "आवटराम" म्हणत आले आणि त्यांची समजूत अशी की घाटात वर कुठेतरी रामाचं देऊळ असणार, आपल्याला ड्युटीत कधी थांबता आलं नाही म्हणून दिसलं नाही. डॉक्टर ताईंच्या मुलानं त्यांना खरं काय ते सांगितलं तेव्हा दोन दिवस चावडीवर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी ऑडिओ, "देऊळ राहतं तं बरं राहतं."

पण हेच अप्पा. २०२१ च्या ऑगस्टअखेर त्या घाटात दरडी कोसळल्या, खाली चाळीसगावात तितूर आणि डोंगरी दोन्ही नद्या गावात शिरलेल्या, तेव्हा अजून एकच ग्रुप होता. सुरतवाल्याचा मेहुणा संभाजीनगरकडून येत होता, रात्रीचा, घाटाच्या तोंडाशी अडकला. आम्ही सगळे मॅप बघून सांगतोय इकडून जा, तिकडून जा. अप्पांनी फॅन बंद करून ऑडिओ केला, त्यातलं एकूण एक वाक्य ऐकू येत होतं. गाडी वळव, परत कन्नडला जा, स्टँडजवळ लाव, झोप. रात्री घाटात शहाणपण करायचं नाही. तो झोपला, दुसऱ्या दिवशी उठून लांबच्या रस्त्यानं घरी पोचला.

आणि केळी. केळीवर गाडीवाल्यांच्या ग्रुपात एवढं बोलणं होतं हे बाहेरच्याला सांगून पटणार नाही. रोज सकाळी कोणीतरी विचारणारच, बऱ्हाणपूरचा भाव काय निघाला, कारण तिकडच्या भावावर इकडचा भाव हलतो, मग मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) की कांदेबाग (पावसाळा सरतानाची), पानाचा फोटो, हा करपा आहे की दुसरं काही. रावेरकडचा आमचा एक पोरगा आहे, थारवाला, स्वभावानं चेष्टेखोर, रोज त्याचे विनोद. मागे एका जूनच्या संध्याकाळी त्यानं नुसता एक फोटो टाकला, खाली काहीच लिहिलं नव्हतं. पूर्ण बाग आडवी. घडासकट झाडं एका दिशेनं झोपलेली, कोणीतरी हातानं पाडावीत अशी ओळीनं. वीस-पंचवीस मिनिटं कोणी काही लिहिलं नाही, अंगठा सुद्धा नाही. असं शांत चावडी कधी नसते. मग नानांनी विचारलं विमा काढला होता का, तो हो म्हणाला. आणि हा टोमॅटोवाला हिंजवडीवाला, ज्याला आम्ही अजून छळतो, तो रात्री दोनपर्यंत फळपीक विम्याचे सरकारी कागद वाचत बसला आणि सोप्या मराठीत लिहून टाकलं की नुकसान झाल्यापासून ७२ तासांच्या आत कळवायचं असतं, कुणाला कळवायचं, फोटो कसे काढायचे. सकाळी सहाला रावेरवाल्याचं उत्तर आलं, "टोमॅटो माफ." नंतर चार दिवस तो गप्पच होता, पाचव्या दिवशी परत थार चिखलात घातल्याचा फोटो टाकला. तो नानांनी डिलीट केला. गाडीचा होता ना.

तर हे सगळं आठवायचं कारण म्हणजे गेल्या मे महिन्यात माझ्या बाबतीत झालेली फजिती.

जळगावहून भुसावळला चाललो होतो, दुपारी दोनला, हो माहितीये दोनला कोणी निघत नाही, पण मावशीकडे डबे पोचवायचे होते आणि बायकोनं सांगितलेलं काम होतं. पारा पंचेचाळीसच्या वर. नशिराबादच्या पुढे रस्त्याकडेला कलिंगडाचा ढीग दिसला म्हणून थांबलो, दहा मिनिटं, एक फोड तिथंच खाल्ली, परत येऊन चावी फिरवली तर गाडी नुसती घर्र घर्र करते, पेट घ्यायचं नाव नाही. बॅटरी चांगली, स्टार्टर फिरतोय. जुन्या कार्बोरेटरवाल्या ८०० चं हे दुखणं आहे, पेट्रोलचा पंप इंजिनलाच चिकटलेला, चालत्या गाडीत वारा लागतो तोवर ठीक, थांबलं की बोनेटखाली भट्टी होते, पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होऊन बसते, आणि पंप वाफ काही ओढू शकत नाही. मला हे सगळं पाठ आहे. मी दुसऱ्यांना समजावून सांगितलेलं आहे. पण डोक्यावर ते ऊन असताना मला त्यातलं अक्षर आठवलं नाही, मी आपला चावी फिरवत बसलो आणि बॅटरी निम्मी केली.

मग मोबाईल काढला आणि लिहिलं, "८०० बंद पडली, नशिराबादच्या पुढे, कोणी आहे का जवळ?" आणि टाकलं चावडीवर. गाडीच्या ग्रुपवर टाकायचं डोक्यातच आलं नाही, तिथे कोण बघतंय?

पहिलं उत्तर, तिथे उसाचा रस चांगला मिळतो. दुसरं, रस नको, बर्फ कुठला असतो कोण जाणे, कलिंगड घे. तिसरं, कलिंगड काय भावानं दिलं? मी भाव सांगितला, तर लगेच चार जण सांगायला लागले की लुटलं तुला. डॉक्टर ताईंनी लिहिलं आधी सावलीत बसा, मीठ-साखरेचं पाणी प्या, गाडी मरू द्या. आणि मग नाना.

"हे गाडीच्या ग्रुपवर टाका. इथं नको."

मी तिथे लिंबाच्या झाडाखाली उभा, घामानं शर्ट चिकटलेला, आणि हा मेसेज वाचून मला इतकं हसू आलं की कलिंगडवाला आपल्या पोराला म्हणाला, ऊन लागलं वाटतं यांना. मी खरंच गाडीच्या ग्रुपवर टाकलं. तिथे एक निळी टिक पण दिसेना.

पस्तीस मिनिटांनी स्कूटरवरून नाना आले. डोक्याला, तोंडाला रुमाल गुंडाळलेला, फक्त चष्मा दिसत होता, आधी ओळखलंच नाही. भुसावळहून त्या उन्हात. पायाशी पाच लिटरचा पाण्याचा कॅन. मला काही बोलले नाहीत, बोनेट उघडलं, डोक्याचा रुमाल सोडला, पाण्यात बुचकळून पिळला आणि पंपावर नीट घडी घालून ठेवला, आजारी पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. ठेवताच वाफ आली थोडी. मग परत भिजवला, परत ठेवला. "आता बस दहा मिनिटं. चावीला हात लावू नको."

आम्ही झाडाखाली बसलो. कलिंगडवाल्यानं दोन फोडी दिल्या, या वेळी पैसे घेतले नाहीत, मघाचा भाव त्यालाही टोचला असावा. नाना बोलत होते, पण गाडीबद्दल एक शब्द नाही. मुलगी पुण्याला शिकायला जाऊ म्हणतेय, ते म्हणतात जळगावला विद्यापीठ आहे की, ती म्हणते सगळ्या मैत्रिणी चालल्या, बायको मुलीच्या बाजूनं. हिंजवडीवाल्याला विचारू का, तिकडे होस्टेलचं काय असतं? मी म्हटलं चावडीवर विचारा ना. नाना म्हणाले, "सगळ्यांसमोर बरं नाही वाटत." एवढं म्हणून बराच वेळ कलिंगडाच्या बिया एक एक करून बोटानं काढत बसले.

मग उठले, रुमाल काढला, म्हणाले मार आता. तिसऱ्या झटक्याला गाडीनं पेट घेतला, आधी खोकली, मग सुरू. मी खिडकीतून थँक यू वगैरे म्हणायला लागलो तर नानांनी ओला रुमाल तसाच डोक्याला गुंडाळला, स्कूटर वळवली आणि जाता जाता म्हणाले,

"आणि तो चावडीवरचा मेसेज काढून टाक. गाडीचा आहे तो."