लेकीची पहिली कायमची दाढ

माझी मुलगी सात वर्षांची असताना थंड पाण्याने चूळ भरताना डोळे गच्च मिटून घेऊ लागली आणि उजव्या बाजूने घास चावेनाशी झाली. ब्रश करण्याचा कंटाळा म्हणून ती सबबी सांगते, असे धरून मी तिला जवळजवळ दोन महिने रागावत राहिले. शेवटी टॉर्चच्या उजेडात पाहिले, तेव्हा खालच्या उजव्या शेवटच्या दाढेवर पिवळट तपकिरी डाग होता आणि कडेचा टवका उडालेला होता. दुधाची दाढ असेल, पडून जाईल, हा माझा पुढचा गैरसमज. सहाव्या वर्षाच्या सुमारास येणारी ही पहिली कायमची दाढ एकही दुधाचा दात न पाडता सर्वांच्या मागे उगवते, त्यामुळे ती आल्याचे घरात पुष्कळदा कळतही नाही.

पहिल्या दंतवैद्यांनी कीड समजून दाढ भरून दिली. चार महिन्यांत ते भरण कडेच्या कवचासकट निघून आले. त्यानंतर आम्ही लहान मुलांच्या दातांच्या तज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी सगळे दात तपासून डावीकडची दाढ आणि वरचा एक पुढचा दात यांवरही तसेच ठळक कडांचे डाग दाखवले. या विकाराला ‘मोलर इन्सिझर हायपोमिनरलायझेशन’ म्हणतात आणि हे नाव २००१ मध्ये सुचवले गेले. पहिल्या कायमच्या दाढेचे इनॅमल, म्हणजे बाहेरचे कठीण कवच, जन्माच्या सुमारास तयार होऊ लागते आणि पुढची सुमारे तीन वर्षे ते घडत असते. त्या काळात खनिजे भरण्यात अडथळा आला, तर कवचाची जाडी पुरेशी असूनही ते सच्छिद्र आणि ठिसूळ राहते, आणि चावण्याच्या दाबाने त्याचे तुकडे पडतात. फ्लोरोसिसची, म्हणजे जास्त फ्लोराइडमुळे दातांवर पडणाऱ्या डागांची मला शंका होती, पण त्यात डाग बहुधा दोन्ही बाजूंना सारखे आणि पसरट असतात, असे त्यांनी सांगितले. नेमके कारण हाती लागत नाही; बाळपणीचे आजार आणि आनुवंशिकता यांचा संबंध असू शकतो. तिचे तान्हेपणीचे ताप आठवून मी पुष्कळ खल केला, त्यातून काही निष्पन्न झाले नाही.

सर्वांत अवघड प्रसंग इंजेक्शनचा होता. दाढ बधिर केल्यानंतरही उपकरण लागताच ती किंचाळली आणि मी, सांगायला लाज वाटते, पण ‘नाटक करू नकोस’ असे म्हणाले. डॉक्टरांनी हात थांबवला आणि मला समजावले की अशा दाढेच्या सच्छिद्र कवचातून थंड-गरम सतत आत पोहोचत असल्याने आतली नस सुजलेली राहते आणि बधिर करण्याचे औषध नेहमीइतके लागू पडत नाही. त्या दिवशी त्यांनी ग्लास आयनोमर सिमेंटने दाढ झाकली, फ्लोराइडचे वार्निश लावले आणि आम्हाला काही आठवड्यांनी बोलावले. मधल्या काळात आम्ही चुळीसाठी कोमट पाणी आणि मऊ ब्रश वापरला. पुढच्या खेपेला दाढ नीट बधिर झाली आणि स्टीलची टोपी बसली. मुलगी मोठी झाल्यावर ही टोपी बदलावी लागेल, हे आम्हाला आधीच सांगण्यात आले होते.

दाढ काढण्याचा पर्यायही चर्चेत आला होता. साधारण आठ ते दहा या वयात ती योग्य वेळी काढली, तर मागची दुसरी दाढ पुढे सरकून जागा भरू शकते. पण तो निर्णय एक्स-रे पाहून घ्यायचा असतो. आमच्या बाबतीत दाढेचा बराच भाग शाबूत होता, म्हणून ती राखली.

डाव्या दाढेचा डाग फिकट असून तिचे कवच अजून फुटलेले नाही. तिला दर तीन महिन्यांनी वार्निश लावले जाते. पुढच्या दातावरचा डाग मुलीला खटकेपर्यंत तसाच ठेवायचे ठरले आहे. परवा तिने तो आरशात पाहिला, ‘हा माझा ढग’ असे म्हणाली आणि खेळायला निघून गेली.